सुट्टीत नवं शिकवू नका, शिकलेलं वापरात ठेवा

शाळेचं वर्ष संपत आलं की पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो: "बाई, सुट्टीत कुठली वर्कबुकं करून घेऊ?" मी चौथीच्या वर्गाला शिकवते आणि शाळेचं वार्तापत्रही मीच जुळवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे तोंडीही येतो आणि लेखीही. वर्षाच्या शेवटच्या अंकात मी त्याचं उत्तर एका पानात बसवते. पण एका पानात काय करायचं एवढंच मावतं. ते का करायचं आणि घरी नेमकं कसं जमवायचं, हे राहून जातं. म्हणून इथे जरा ऐसपैस लिहिते आहे.

माझं म्हणणं असं: सुट्टीत पुढच्या इयत्तेचा अभ्यास उरकायच्या मागे लागू नका. मूल जे शिकलंय ते त्याच्या वापरात राहील एवढं बघा. वाचायला त्याने स्वतः निवडलेली पुस्तकं, आकडेमोडीला थोडाच पण नेमाने दिलेला वेळ, आणि लिहायला काहीतरी खरं कारण. एवढं सांभाळलं तर पुढच्या वर्गाच्या बाईंना तुमचं मूल जागच्या जागी सापडतं, आणि त्याची सुट्टीही सुट्टीच राहते.

नेमकं काय विसरतं

"सुट्टीत पोरं सगळं विसरतात" असं सरसकट म्हटलं जातं. तसं होत नाही. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली तोवर झालेल्या ३९ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात सरासरी घसरण साधारण महिनाभराच्या शिकण्याएवढी निघाली. ती वाचनापेक्षा गणितात जास्त होती, आणि सगळ्यात जास्त मार बसत होता तो आकडेमोडीला आणि शुद्धलेखनाला. कारण समजण्यासारखं आहे. पाट्या, मेसेज, गोष्टी असं काही ना काही मूल सुट्टीतही वाचतं. हातचा घेऊन वजाबाकी मात्र शाळेबाहेर कुणी त्याला करायला लावत नाही. सरावावर टिकणारी गोष्ट सराव थांबला की निसटते.

दुसरा प्रसिद्ध अभ्यास बाल्टिमोरचा. १९८२ साली पहिलीत गेलेल्या तिथल्या मुलांचा कार्ल अलेक्झांडर, डोरिस एंटविसल आणि लिंडा ओल्सन यांनी पुढे कित्येक वर्षं मागोवा घेतला. शाळा चालू असताना गरीब घरातली आणि सुखवस्तू घरातली मुलं जवळपास सारख्याच वेगाने पुढे जात होती, अंतर वाढत होतं ते सुट्ट्यांमध्ये, असं त्यांना दिसलं. शाळा हा नळ आहे, तो चालू असतो तेव्हा पाणी सगळ्यांना मिळतं आणि बंद झाला की ज्याच्या घरी साठा आहे त्याचंच भागतं, असं त्यांनी ते मांडलं.

हे निष्कर्ष दगडावरची रेघ नाहीत. २०१९ साली पॉल फॉन हिपेल यांनी दाखवून दिलं की नव्या पद्धतीच्या चाचण्या लावल्या तर जुने निकाल तसेच्या तसे हाती लागत नाहीत, आणि घसरण किती मोठी यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. त्यामुळे मी पालकांना घाबरवत नाही. कुणी "सुट्टीत वर्ष वाया जातं" असं सांगून महागडा वर्ग गळ्यात मारत असेल तर त्यांनाही घाबरू नका. माझ्यापुरती खात्रीची गोष्ट वर्गात डोळ्यांसमोर दिसते, ती सांगते.

शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर ४०३ वजा १७८ लिहिते. बऱ्याच वह्यांत उत्तर येतं ३७५. बोट ठेवून बघितलं की मुलाने काय केलं ते स्वच्छ कळतं. तिनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून तीन वजा केले, पाच. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातच ठेवले. चारातून एक गेला, तीन. हे मूल वजाबाकी विसरलेलं नाही. मधल्या शून्याला ओलांडून शतकाकडून हातचा कसा आणायचा, ती एक पायरी तेवढी निसटली आहे. त्याला अख्खं वजाबाकीचं पुस्तक पुन्हा करायला लावणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. शंभराचे चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवा. एक गठ्ठा सोडवून त्याचे दहा-दहाचे दहा गठ्ठे करू द्या, त्यातला एक सोडवून दहा सुट्या करू द्या. आता त्याच्यापुढे शंभराचे तीन, दहाचे नऊ आणि सुट्या तेरा आहेत. यातून १७८ काढून २२५ त्याच्या हातात उरले की तेवढं पुरतं. सुट्टीतलं गणित असं हवं: निसटणारी पायरी ओळखून तिच्याभोवती थोडा थोडा सराव.

शाळा बंद होण्याआधी

ती पायरी कुठली, हे घरी ओळखणं अवघड असतं. वर्गशिक्षकांना ते ठाऊक असतं. म्हणून शेवटच्या आठवड्यात त्यांना गाठा आणि नेमकं विचारा. "कसा आहे अभ्यासात?" या प्रश्नाला "चांगला आहे, थोडा चंचल आहे" याखेरीज उत्तर मिळत नाही, कारण त्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसतं. त्यापेक्षा असं विचारा: तो एकट्याने, न अडखळता कुठल्या प्रकारचं पुस्तक वाचतो? गणितात कुठल्या गोष्टीवर त्याचा हात अजून बसलेला नाही, एकच सांगा. आणि वर्गात तो कशात रमतो? तिसरा प्रश्न पालक सहसा विचारत नाहीत. सुट्टीचा सगळा डाव त्याच्याच जोरावर रचायचा असतो, त्यामुळे तो सोडू नका.

शाळेकडून आलेली शेवटची सूचना नीट वाचा. शाळा उघडण्याची तारीख, सुट्टीत ग्रंथालय उघडं असेल तर त्याच्या वेळा, पुस्तकांची यादी हे सगळं त्यात असतं, आणि महिनाभराने तेच गटावर विचारलं जातं. कागद असेल तर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, मेसेज असेल तर मुलाकडून कॅलेंडरवर लिहून घ्या. त्याच्या सुट्टीच्या तारखा त्याच्याच हाताने लिहिल्या गेल्या तर त्याला त्या आपल्या वाटतात.

वाचन: निवड त्याची, गप्पा तुमच्या

माझं सगळ्यात जास्त मन या भागात आहे. सुट्टीत एकच गोष्ट जमणार असेल तर ही करा.

फ्लॉरिडात रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झेन यांनी एक प्रयोग केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. गरीब घरांतल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना दर सुट्टीआधी पुस्तकांच्या मांडणीतून हवी ती पुस्तकं निवडू दिली आणि १२ पुस्तकं कायमची देऊन टाकली. असं सलग तीन वर्षं. कुणी स्वाध्याय दिला नाही की परीक्षा घेतली नाही. तीन वर्षांनी ही मुलं वाचनाच्या चाचणीत पुस्तकं न मिळालेल्या मुलांच्या पुढे होती. त्यांनी निवडलेली पुस्तकं कसली होती? गायकांची, खेळाडूंची, टीव्हीवरच्या पात्रांची. मोठ्यांच्या "चांगल्या पुस्तकांच्या" यादीत त्यातली फारशी बसली नसती.

म्हणून निवडीत हात घालू नका. चित्रकथा चालतात. विनोदाची, विक्रमांची, कोड्यांची पुस्तकं चालतात. एकच पुस्तक पाचव्यांदा वाचत असेल तर वाचू द्या, ओळखीचा मजकूर पुन्हा वाचताना वेग आणि ओघ येतो. "हे तुझ्या वयाचं नाही, लहानांचं आहे" हे वाक्य सुट्टीपुरतं तरी घरातून हद्दपार करा. एवढंच बघा की पुस्तक फार जड नाही. मधलं कुठलंही पान उघडून त्याला वाचायला सांगा आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपू द्या. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली, तर ते पुस्तक तुम्ही त्याला वाचून दाखवायचं. त्याने एकट्याने वाचायला दुसरं घ्या. एखाद्या मुलाला शार्कचंच जाड पुस्तक हवं असेल आणि ते जड जात असेल तर हिसकावू नका. चित्रं त्याची, मजकूर तुमचा, असं वाटून घ्या.

पुस्तक हातात दिलं की काम संपलं असंही नाही. जेम्स किम आणि टॉमस व्हाइट यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिसरी ते पाचवीच्या मुलांचे गट केले होते. काहींना नुसती पुस्तकं मिळाली. काहींना पुस्तकांबरोबर मोठ्याने वाचून दाखवण्याची आणि समजून घेण्याची मदतही मिळाली. मदत मिळालेला गट काहीच न मिळालेल्यांच्या स्पष्ट पुढे गेला, नुसती पुस्तकं मिळालेल्यांना तेवढं साधलं नाही. मदत म्हणजे शिकवणी नव्हे. मुलाने थोडं वाचून दाखवायचं, काय झालं ते सांगायचं, पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा, आणि घरातल्या माणसाने ते मनापासून ऐकायचं.

या गप्पा कशा असतात ते सांगते. समजा मूल ऑक्टोपसबद्दल वाचतंय आणि तुम्हाला सांगतं, "त्याला तीन हृदयं असतात." इथे "अरे वा" म्हणून विषय मिटवता येतो. त्याऐवजी विचारा, "तीन कशाला लागत असतील रे?" आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात कठीण आहे, कारण आपल्याला उत्तर द्यायची घाई असते. मूल म्हणेल, "त्याला हात आठ असतात म्हणून." चुकीचं असलं तरी तो विचार आहे. "मग पुस्तकात बघ, सापडतं का." तो पान उलटतो, पुन्हा वाचतो, आणि दोन हृदयं कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, तिसरं बाकीच्या अंगाला, हे शोधून आणतो. त्याच परिच्छेदात कदाचित हेही सापडेल की पोहताना ते तिसरं हृदय थांबतं, म्हणून ऑक्टोपस पोहण्यापेक्षा सरपटणं पसंत करतो. आता तो तुम्हाला विचारेल, "म्हणजे तो पोहून दमत असेल ना?" हा प्रश्न त्याचा स्वतःचा आहे. प्रश्नपत्रिकेत "ऑक्टोपसला किती हृदयं असतात?" एवढंच आलं असतं.

मूल नीट वाचायला लागलं की वाचून दाखवणं थांबवायचं, असं बरेच पालक समजतात. थांबवू नका. चौथी-पाचवीतलं मूल जे स्वतः वाचू शकतं त्यापेक्षा कितीतरी अवघड मजकूर त्याला ऐकून समजतो, आणि नवे शब्द तिथूनच येतात. आवाज चढवून, पात्रं रंगवून वाचायची गरज नाही. सरळ वाचा, रोज थोडं, आणि उत्कंठेच्या जागी थांबा.

बक्षिसांबद्दल माझं मत ठाम आहे. "दहा पुस्तकं वाच, मग सायकल" असा सौदा करू नका. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतल्या चित्र काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. नंतरच्या दिवसांत ही मुलं मोकळ्या वेळात चित्रांकडे इतरांपेक्षा बरीच कमी वळली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळालं, त्यांची आवड कमी झाली नाही. वाचलेल्या पुस्तकांची यादी भिंतीवर जरूर लावा, ती बघून मुलाला बरं वाटतं. तिच्यापुढे किंमत लिहू नका.

आकडे: थोडे, पण वारंवार

हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच केलेले विस्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, आणि तोच सराव एका दमात करण्यापेक्षा अंतराअंतराने केला तर जास्त टिकतो, हे तेव्हापासून पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. घरच्या वेळापत्रकात याचा अर्थ सोपा आहे. रविवारी तासभर गणित घेऊन बसवण्यापेक्षा आठवड्यातून चार दिवस दहा-दहा मिनिटं. दहा मिनिटं झाली की मूल रंगात असलं तरी थांबा. उद्या तो आपणहून येऊन बसेल.

त्या दहा मिनिटांत एकाच जातीची वीस उदाहरणं घालू नका. एक वजाबाकी, एक गुणाकार, एक शाब्दिक उदाहरण, आणि शिक्षकांनी सांगितलेल्या कच्च्या पायरीचं एक, अशी सरमिसळ करा. सगळी वजाबाकीची असली की मूल वाचायच्या आधीच वजा करायला लागतं. सरमिसळ असली की आधी ठरवावं लागतं, इथे करायचं काय? परीक्षेत आणि बाजारात तेच ठरवावं लागतं. उत्तर लिहायच्या आधी अंदाज सांगायला लावा. ४०३ वजा १७८ म्हणजे चारशेतून जवळजवळ दोनशे जाणार. मग ३७५ आलं तर त्याचं त्यालाच खटकतं, तुम्हाला लाल पेन उचलावं लागत नाही. पाढे ओळीने म्हणून घेऊ नका, मधूनच विचारा. ओळीने म्हणताना मूल सूर आठवतं, सात आठे विचारलं की अडतं.

लहानग्यांसाठी पटावरचे खेळ फार कामाचे. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रामाणी यांनी २००८ साली दाखवलं की एका ओळीत १ ते १० आकडे लिहिलेल्या पटावर दोन आठवड्यांत फक्त चार वेळा, पंधरा-वीस मिनिटं खेळल्यावर गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांची आकड्यांची समज चांगलीच सुधारली. तसाच, पण आकड्यांऐवजी रंग असलेला पट खेळलेल्यांत तो फरक दिसला नाही. यातली खुबी अशी की सोंगटी पुढे सरकवताना मूल घरावरचा आकडा म्हणत होतं. सोंगटी ५ वर असेल आणि फाशावर दोन पडले तर "एक, दोन" म्हणायचं नाही, "सहा, सात" म्हणायचं. घरात सापशिडी असेल तर आजपासून हा एकच नियम लावा. १ ते १०० चा पट आयताच मिळाला.

बाकी गणित घरभर पडलेलं असतं. अर्ध्या मापासाठी पाव मापाचा पेला किती वेळा भरायचा, बस सव्वाअकराला सुटते आणि पोचायला पन्नास मिनिटं लागतात तर किती वाजता पोचू, दोन पिशव्यांपैकी स्वस्त कुठली पडली. अपूर्णांक, वेळ आणि मोजमाप यांचा सराव यातच होतो. मात्र हिशोब मुलाने केला असेल तर निर्णयही त्याचा माना. त्याने सांगितलेल्या वेळेला निघा. त्याच्या उत्तरावर खरोखरच काही ठरतंय हे कळलं की तो ते तपासून सांगतो.

लिहिणं: सुट्टीचं वार्तापत्र

"रोज एक पान शुद्धलेखन" याने अक्षर सुधारत असेल, लिहिण्याची गोडी लागत नाही. मुलाला वाचक द्या. आमच्या वर्गात आम्ही सुट्टीचं वार्तापत्र काढतो. चार-पाच घरांनी मिळून ते कुणालाही काढता येईल. एक कोरा कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. पंधरवड्याला एक अंक. प्रत्येक मुलाची एक बातमी, एकाचं कोडं, एकाचं चित्र, एकाची पुस्तकाबद्दल दोन ओळींची शिफारस. संपादक दर अंकाला बदलायचा. मोठ्यांनी फक्त फोटो काढून पाठवायचं किंवा प्रती काढून द्यायच्या.

पहिली बातमी बहुतेक वेळा अशी येते: "आमच्या खिडकीत पक्ष्याचं घरटं आहे. ते खूप छान आहे. मला खूप आवडलं." ती खोडू नका. संपादक झालेल्या मुलाला सांगा, बातमीदाराला विचार: कधी? कुणी? कशाचं? मग काय झालं? घरातलं कोण काय म्हणालं? त्याच मुलीची बातमी दुसऱ्या खेपेला अशी होते: "सोमवारी आमच्या खिडकीच्या गजावर एका पक्ष्याने घरटं बांधायला सुरुवात केली. त्याने गवत, सुतळी आणि माझा हरवलेला केसांचा रबर आणला. चौथ्या दिवशी आजीने खिडकी उघडायला सगळ्यांना बंदी केली. ती म्हणाली, 'पिल्लं उडेपर्यंत उकडलं तरी चालेल.'" मथळा: आजीची खिडकीबंदी. व्याकरणाचा एक शब्दही न शिकवता या मुलीने तपशील म्हणजे काय, क्रम म्हणजे काय आणि दुसऱ्याचं बोलणं अवतरणचिन्हांत कसं लिहितात, हे करून बघितलं. "खूप छान" दुसऱ्या मसुद्यातून आपोआप गळून पडलं, कारण त्याची गरजच राहिली नाही.

शुद्धलेखनाची पाळी शेवटी येते, छापण्याआधी. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाला आणि जोडाक्षरांना कारण मिळतं: दहा घरांत हे वाचलं जाणार आहे. एका बातमीत दोन-तीनच चुका दाखवा, नेहमी होणाऱ्या. बाकीच्या सोडून द्या. लाल झालेला कागद बघून पुढची बातमी येत नाही.

एक काळजी घ्या. मुलांची पूर्ण नावं, पत्ता, फोटो मोठ्या गटांवर फिरवू नका. आणि "आम्ही उद्यापासून बाहेरगावी जाणार" ही बातमी परत आल्यावरच्या अंकात छापा.

वेळ कुणाला आहे

दोघं कामावर जाणाऱ्या घरात हे सगळं कसं जमायचं? सगळं जमवू नका. वाचन घ्या आणि दहा मिनिटांचे आकडे घ्या. दोन्हीला मिळून अर्धा तास लागतो, आणि तो तुमचाच असायला हवा असंही नाही. आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवणं हे वाचनच आहे. मोठ्या बहिणीने धाकट्याला गोष्ट वाचून दाखवली तर सराव दोघांचा होतो, आणि वाचनात कच्ची असलेली मोठी मुलगी धाकट्यासमोर न लाजता सोपं पुस्तक वाचते. हे मी अनेक घरांत बघितलं आहे, फार सुंदर जमतं. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्या पालकांनी मुलाला वाचायला लावून फक्त विचारावं, "मग पुढे काय झालं?" ऑक्टोपसच्या गप्पांना त्यापेक्षा जास्त काही लागत नाही.

वेळ ठरवण्यापेक्षा प्रसंग ठरवा. "रोज साडेदहाला" हे पाहुणे आले की मोडतं. "आंघोळ झाली की दहा मिनिटं आकडे, झोपायच्या आधी पुस्तक" हे प्रवासातही टिकतं. स्क्रीनबद्दल मी एवढंच म्हणेन की पुस्तक आणि बाहेरचं खेळणं झाल्यावर उरलेला वेळ तिला. आणि मूल "कंटाळा आला" म्हणालं तर लगेच काही हातात देऊ नका, अर्धा तास थांबा. बऱ्याच वेळा त्याचं तेच काहीतरी काढतं.

शाळांना आणि पालक समित्यांना माझी विनंती आहे की सुट्टीत गटावर रोज स्वाध्याय पाठवू नका. पंधरवड्यातून एक छोटी सूचना पुरे: ग्रंथालय कधी उघडं आहे, कुणाकडे कुठली पुस्तकं अदलाबदलीला आहेत, एखादं कोडं, आणि मुलांच्या वार्तापत्राचा अंक. ग्रंथालयातली पुस्तकं कपाटात कुलूपबंद ठेवण्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात मुलांना घरी नेऊ द्या. चार-दोन हरवतील, फाटतील. ज्या घरात एकही पुस्तक नाही तिथे सुट्टीभर पुस्तक असणं त्याहून मोलाचं आहे.

शाळा उघडायच्या आधीचे दोन आठवडे

आधी झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप हवी, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली सांगितलं आहे. सुट्टीत झोपायची वेळ पुढे गेलेली असते. ती एका रात्रीत मागे येत नाही, दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा, आणि सकाळी उठवायची वेळही तशीच.

या दिवसांत नवा अभ्यास सुरू करू नका. मागच्या वर्षीची गणिताची वही काढा आणि त्याला जमलेली उदाहरणं उत्तरं झाकून पुन्हा सोडवू द्या. जिथे अडेल तिथे पेन्सिलीने एक टिंब.

पहिल्या दिवशी वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी द्या. वाचलेल्या पुस्तकांची नावं मुलाने स्वतः लिहिलेली, वहीतल्या टिंबांची उदाहरणं, आणि सुट्टीत त्याला ज्याचा ध्यास लागला होता ती गोष्ट, मग ते ऑक्टोपस असोत नाहीतर घरटी. मला अशी चिठ्ठी मिळते तेव्हा त्या मुलाला कुठल्या बाकावर, कुणाशेजारी बसवायचं आणि पहिलं पुस्तक कुठलं द्यायचं, हे त्याच दिवशी ठरतं.